पाण्यातली अन्नपूर्णा

आमची अन्नपूर्णा पाण्यात गेली तेव्हा मी दाढी करत होतो. स्वयंपाकघरातून पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग धातूवर धातू टेकल्याचा बारीक आवाज, आणि मग काहीच नाही. माझी बायको न बोलता काही करते तेव्हा ते काम मोठं असतं, हे एवढ्या वर्षांच्या संसारात मला कळलेलं आहे. गालावरचा साबण तसाच ठेवून मी जाऊन पाहिलं. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर पितळेचं छोटं पातेलं होतं, काठोकाठ भरलेलं, आणि तळाशी बोटभर उंचीची अन्नपूर्णा, दोन्ही हातांत पळी धरून बसलेली. एरवी ती वाटीतल्या तांदळावर बसते. लग्नात बायकोला तिच्या आईने दिलेली.

देव पाण्यात घालून बसलोय, हे मी जन्मभर म्हणत आलो. क्रिकेटच्या शेवटच्या षटकाला म्हटलं, बढतीच्या वेळी म्हटलं, बदली टळावी म्हणून तर कितीदा म्हटलं असेल. खरोखर पाण्यात ठेवलेला देव मात्र लहानपणी एकदाच पाहिला होता. मनातलं होईपर्यंत देवाने कोरडं व्हायचं नाही, अशी ती रीत. म्हणजे चक्क देवालाच ओलीस धरायचं.

"गणपतीला ठेवायचं ना," मी म्हटलं. "निवडणुकीचं काम आहे. अन्नपूर्णा काय करणार त्यात? तिचं खातंच वेगळं."

"तुम्ही दाढी करा," ती म्हणाली.

देवाकडे काय मागितलं ते विचारायचं नसतं. मला तर विचारायची गरजही वाटली नाही, कारण आमच्या घरात त्या दिवसांत एकच विषय होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी आपला उमेदवार कोण ते ठरवायचं होतं. आपल्याकडे असलं काम दिल्लीत बंद खोलीत होतं आणि सकाळी पेपरात छापून येतं. तिकडे एकेका राज्यातले लोक मतं देतात, त्या मतांप्रमाणे उमेदवारांना प्रतिनिधी मिळतात, आणि उन्हाळ्यात भरणाऱ्या अधिवेशनात ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त प्रतिनिधी, तो उमेदवार. महिनोन् महिने चालणारं प्रकरण. त्यात शेवटी दोघंच उरले होते. पुढे एक गृहस्थ, आणि मागे एका लहानशा राज्याच्या माजी गव्हर्नर बाई. आमची मुलगी त्या मागे पडलेल्या बाईंच्या प्रचारात होती.

नुसती होती म्हणजे हौस म्हणून नव्हे. चांगल्या कंपनीतली नोकरी सोडून ती त्यात उतरली होती. शिकायला म्हणून गेलेली, तिकडचीच झालेली आमची एकुलती एक मुलगी. मी रेल्वेतून, कोलकात्याच्या गार्डन रीच मुख्यालयातून निवृत्त झालो तेव्हा आमच्या ओळखीतली बहुतेक मराठी मंडळी पुण्याला परतली. आम्ही डमडमला फ्लॅट घेतला. लोक विचारत, अहो इथे का? मी सांगायचो, इथलं मिष्टी दोई सुटत नाही. खरं कारण इतकंच की विमानतळ जवळ आहे. ती येणार ती विमानानेच, आणि तिला गरज पडली तर आम्हीही लवकरात लवकर निघणार ते इथूनच. हे आम्ही एकमेकांनाही कधी बोलून दाखवलं नाही.

गरज पडली तर, याचा अर्थ सांगायला हवा.

बारावीनंतर तिला दिल्लीच्या एका संस्थेत जायचं होतं. दुसरं काही तिला दिसतच नव्हतं. तिचं नाव वेटिंग लिस्टवर लागलं. रेल्वेवाल्याच्या घरात वेटिंग लिस्टला कोण घाबरतो, अशी थट्टाही आम्ही केली. ती यादी सरकत सरकत तिच्या नावापाशी आली आणि तिथेच थांबली. शेवटच्या दिवसापर्यंत ती म्हणत होती, अजून होईल. नाही झालं. मग ती खोलीत गेली आणि बरेच महिने बाहेरच आली नाही म्हणावं अशी गेली. आंघोळ नाही, बोलणं नाही, मैत्रिणी नाहीत. आमचं तेव्हा रेल्वेचं क्वार्टर होतं, नदीवरून जहाजांचे भोंगे ऐकू यायचे. त्या भोंग्यांनीही ती दचकायची. तिची आई ताट घेऊन दाराशी जायची आणि थोड्या वेळाने रिकामं ताट घेऊन यायची. "जेवली," म्हणून सांगायची. आम्हाला तेवढाच धीर. एक दिवस खोली आवरताना कपाटातल्या ड्रॉवरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या सापडल्या, गाठी मारलेल्या. आत वरण-भात होता, नासलेला. किती दिवस ती काहीच खात नव्हती कोण जाणे. त्याच दुपारी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. औषधं, समुपदेशन, हळूहळू माणसात येणं, सगळं झालं. नंतर तिने इथल्याच कॉलेजात पदवी घेतली, पुढे शिष्यवृत्तीवर बाहेर गेली, आणि पाहणाऱ्याला वाटावं की असं काही घडलंच नव्हतं.

आम्हाला तसं कधी वाटलं नाही. तिच्या आईचा तर तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न एकच. कशी आहेस नाही, बरं वाटतंय ना नाही. "काय जेवलीस?" आणि जेवले म्हणून भागायचं नाही, काय ते सांगायचं. भाजी म्हटलं तर कसली भाजी. पूर्वी मुलगी चिडायची, मग हसायला लागली, मग रोजचं झालं. प्रचारात गेल्यावर मात्र उत्तरं बदलली. "खाल्लं ना काहीतरी." "सँडविच होतं बहुतेक." "आई, अगं इथे वेळ कुणाला आहे?" व्हिडिओवर तिची गळ्याची हाडं दिसायला लागली. मी म्हणायचो, कॅमेऱ्यामुळे दिसतं तसं. बायको काही म्हणायची नाही. त्याच सुमारास अन्नपूर्णा पाण्यात गेली.

तिकडच्या मतदानाची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. म्हणून निकाल आमच्याकडे चहाबरोबर यायचे. मी गच्चीत खुर्ची टाकून फोन बघत बसायचो. खाली मासेवाला सायकल टेकवायचा, समोरच्या फ्लॅटमधले शेजारी लुंगीवर बाहेर यायचे. निवृत्त प्राध्यापक, मी त्यांना दादा म्हणतो, तेही मला दादाच म्हणतात. राजकारण हा त्यांचा श्वास. कोलकात्यात शेजाऱ्याची मुलगी ही शेजाऱ्याची राहतच नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न असायचा, "आमादेर मेयेर की खबर?" आमच्या मुलीची काय बातमी. मग आम्ही दोघं म्हातारे अमेरिकेच्या नकाशात नाक खुपसून बसायचो. ज्या राज्यांची नावं आम्हाला उच्चारताही येत नव्हती, तिथल्या शेतकऱ्यांच्या आणि कारखान्यातल्या कामगारांच्या मनाचा ठाव आम्ही डमडमच्या गच्चीतून घ्यायचो.

सुरुवातीला मला ती स्पर्धा कळलीच नव्हती. मला वाटायचं, राज्य जिंकलं की जिंकलं. आपल्याकडे एका मताने जरी पुढे असलात तरी अख्खी जागा तुमची. बाईंनी एक राज्य जिंकलं त्या दिवशी मी पेढे आणायला निघालो होतो. दादांनी थांबवलं. बाईंच्या पक्षात प्रतिनिधी वाटले जातात ते मतांच्या प्रमाणात. बाई थोड्याशा फरकाने जिंकल्या तर त्यांना थोडेसे जास्त मिळणार, आणि हरलेल्या गृहस्थांनाही जवळपास तेवढेच. आधीची पिछाडी तशीच राहणार. अख्खं राज्य जिंकून बाई गृहस्थांच्या जेमतेम दोन पावलं जवळ आल्या होत्या, आणि अंतर होतं मैलभर. दादांनी बोटांवर हिशोब करून मान हलवली. "अंकटा मिलछे ना, दादा." गणित जुळत नाही.

मला राग आला त्यांचा. घरात येऊन मी बराच वेळ त्यांना नावं ठेवली, कम्युनिस्ट म्हणालो, तेही धड नाही म्हणालो. मग स्वतः आकडे घेऊन बसलो. गणित जुळत नव्हतंच.

पण माझी नोकरी गाड्या चालवण्यात गेली आहे, आणि मागे पडलेल्या गाडीबद्दल मला दोन गोष्टी माहीत आहेत. पहिली अशी की उशिरा धावणारी गाडी आणखी उशिरा होत जाते. तिची वेळ हुकली की तिला बाजूला थांबवून वेळेवरच्या गाड्यांना पुढे काढतात. ज्याचं चुकलं त्यालाच आणखी खोळंबा. इथेही तेच चाललं होतं. बाई मागे पडल्या म्हणून वर्तमानपत्रं त्यांच्याकडे वळत नव्हती, पक्षातली बडी मंडळी एकेक करून त्या गृहस्थांच्या बाजूला सरकत होती. दुसरी गोष्ट मात्र आशेची. शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे वेळापत्रकात थोडी जास्तीची वेळ ठेवलेली असते. रात्रभर उशिरा धावलेली गाडी तेवढ्यावर कधीकधी वेळेवर येऊन उभी राहते आणि प्रवाशांना वाटतं ड्रायव्हरने कमाल केली. मी त्या पक्षाच्या नियमांत ती जास्तीची वेळ शोधायला लागलो. आणि ती सापडली. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त प्रतिनिधी मिळाले नाहीत, तर पुढच्या फेऱ्यांत प्रतिनिधी मोकळे होतात, हवं त्याला मत देऊ शकतात. म्हणजे बाईंनी पुढे जायची गरजच नव्हती. गृहस्थांना निम्म्याच्या खाली अडवलं तरी पुरे.

"तेच तर!" मुलगी फोनवर ओरडली. "बाबा, तू एकदम बरोबर पकडलंस. आम्ही तेच करतोय. फक्त अडवायचं. अजून जमतंय."

अजून जमतंय. मी बायकोकडे पाहिलं. ती पातेल्यातलं पाणी बदलत होती, मुलीलाही ते व्हिडिओवर दिसायचं. अजून होईल, हे तिने आणि मी दोघांनी पूर्वी एकदा ऐकलं होतं, त्याच आवाजात.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या दिवसांत माझं मन काय काय चिंतत होतं ते सांगायलाही नको वाटतं. ती बाई हरणार याची मला भीती नव्हती. ती बाई माझी कोण? ती हरली काय आणि अमेरिका बुडाली काय. मला भीती होती हरल्यानंतरच्या सकाळची. पुन्हा ती खोलीत जाईल, दार लावून घेईल, आणि या वेळी ते दार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असेल. व्हिसा होता, पासपोर्ट चालू होते, तरी विमान पोचायला लागणारा वेळ लागणारच. तोपर्यंत? तिच्याबरोबर राहणारी एक मैत्रीण होती, पण ती स्वतः कामासाठी सतत फिरतीवर. मी रात्री झोपायचो तेव्हा पायात गोळे यायचे. बायकोला सांगितलं नाही. तिलाही काय काय होत असेल ते तिने मला सांगितलं नाही.

उरलेल्यांत एकच मोठं राज्य होतं. त्या राज्यावर सगळं अवलंबून आहे असं मुलगी म्हणायची. मतदानाच्या दिवशी इथे कालबैशाखीचं वादळ झालं, वीज गेली, ती रात्रभर आली नाही. सकाळी फोनमध्ये चार्ज नाही, टीव्ही बंद, आणि तिकडे निकाल लागताहेत. मी मेट्रो स्टेशनच्या समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन, तिथल्या माणसाच्या फोनवर निकाल पाहिला. बाई जिंकल्या होत्या. घरी येईपर्यंत वीज आली होती आणि दादा संदेश मिठाईचा बॉक्स घेऊन दारात उभे होते. त्यांनी मला मिठीच मारली. "जितेछे!" मीही मारली. मी त्यांच्या खांद्यावरून घरात पाहत होतो. बायको देव्हाऱ्यासमोर उभी होती, पातेल्याकडे बघत. अन्नपूर्णा तशीच पाण्यात होती.

"काढ की आता बाहेर," मी म्हटलं.

"एवढ्यात नाही."

मला वाटलं, बायकोला माझ्याहून जास्त गणित कळतं. कारण बाई जिंकल्या होत्या, पण थोडक्यात. मोठ्या राज्याचे मोठे वाटे जवळजवळ सारखे झाले होते. माझी ती जास्तीची वेळ याच राज्यात संपली होती. पुढच्या गृहस्थांना निम्म्याच्या वर जायला आता फार काही लागणार नव्हतं, आणि उरलेली राज्यं त्यांच्या बाजूची होती. गाडी स्टेशनात येणार होती, पण उशिरानेच.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. मागे गोंगाट होता, लोक नाचत होते. तिचा चेहरा घामेजलेला, डोळे खोल गेलेले, पण हसत होती. "बाबा, पाहिलंस ना? तू सांग, रेल्वेवाला म्हणून सांग, जमेल ना?"

"जमेल की," मी म्हटलं. "घोडामैदान जवळच आहे."

"काय जेवलीस?" बायकोने विचारलं.

"आई! आज पण?" आणि फोन बंद झाला.

त्यानंतर आमचं भांडण झालं. आमची भांडणं सहसा आवाजाची नसतात, हे आवाजाचं झालं. मी म्हणालो, तिला खरं सांगायला हवं. रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये असताना मी एक पाहिलं आहे. गाडी खूप उशिरा येणार हे आम्हाला माहीत असायचं, पण फलाटावर सांगताना अर्धा तास उशिरा सांगायचं. अर्धा तास झाला की आणखी अर्धा तास. लोक चिडू नयेत म्हणून. त्याने काय होतं, तर लोक सामानावर बसून राहतात, पोराबाळांना जेवायला घालत नाहीत, घरीही जात नाहीत. एकदम सांगितलं की आज येत नाही, तर शिव्या देतात, पण उठतात आणि घरी जातात. "तिला फलाटावर बसवून ठेवलंय आपण," मी म्हणालो. "हप्त्याहप्त्याने उशीर सांगतोय."

"तुम्ही तोंड उघडाल तर बघा," ती म्हणाली. "ती त्या आशेवर उभी आहे. तुम्ही तीच काढून घ्यायला निघालात. गेल्या वेळी यादी थांबली तेव्हा काय झालं होतं, ते तुम्हाला दिसलं नव्हतं. तुम्ही ऑफिसात होतात. पिशव्या मी उघडल्या होत्या."

दोघंही बरोबर होतो, हीच पंचाईत. पुढच्या प्रत्येक फोनवर मी "जमेल" म्हणायचो, ती "जमेल" म्हणायची, आणि बायको जेवणाचं विचारायची.

मे महिना तापला. पातेल्यातलं पाणी सकाळी गार असायचं, दुपारपर्यंत कोमट. बायको सकाळ-संध्याकाळ बदलायची. पितळेवर हिरवट झाक यायला लागली. मी म्हटलं, अगं चिंच लावून घास तरी. ती म्हणाली, बाहेर काढल्याशिवाय घासणार कशी? आणि बाहेर काढायची नाही. हे बोलताना ती हसली, पण तिला हसू आलं नव्हतं.

मग तो दिवस आला. सकाळी दाराची बेल वाजली, दादा होते. लुंगी, बनियन, हातात पेपर नाही. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही, म्हणजे मला कळलं. बाईंनी माघार घेतली होती. आमच्या रात्री कधीतरी भाषण करून त्यांनी त्या गृहस्थांना पाठिंबा जाहीर केला होता. दादा म्हणाले, चांगलं बोलल्या, शालीनपणे बोलल्या. मी त्यांना आत या म्हणायलाही विसरलो.

मुलीचा फोन आला नव्हता. आम्ही लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तर बंदच. तिच्या मैत्रिणीचा लावला, तिथे ध्वनिमुद्रित आवाज, संदेश ठेवा. मी इंग्रजीत संदेश ठेवला, प्लीज कॉल, अर्जंट. मग वाटलं अर्जंट म्हणायला नको होतं. मग वाटलं पुरेसं म्हटलं नाही. तिकडे रात्र सुरू होत होती. तिची रात्र आमच्या अख्ख्या दिवसाएवढी होती, आणि तो दिवस कसा काढायचा हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

बायकोने स्वयंपाक केला नाही. पाणीही बदललं नाही. ती देव्हाऱ्यासमोर पाटावर बसली ती उठेचना. जप करत होती का विचारायचा धीर मला झाला नाही. मी विमानांच्या वेळा बघितल्या, मग उगीच खाली उतरलो, स्टेशनापर्यंत गेलो. बराकपूरकडून आलेली लोकल उभी होती, माणसं उतरत होती, चढत होती, सगळ्यांना कुठेतरी जायचं होतं. मी काहीही न घेता परत आलो. वर पोचल्यावर बायकोने नुसतं पाहिलं, मी मान हलवली. दुपारी दादांच्या घरून खिचुडी आली. ती ओट्यावर तशीच गार झाली. आमच्या मुलीने न खाल्लेल्या ताटांची आठवण यावी असं ते झाकलेलं भांडं दिसत होतं, आणि मी ते फ्रिजमध्ये ढकललं.

संध्याकाळी आजूबाजूच्या घरांतून शंख वाजायला लागले, तेव्हा फोन वाजला.

व्हिडिओ होता. मुलीचे केस विस्कटलेले, कालचेच कपडे अंगावर, बाईंच्या नावाचा बिल्ला तसाच छातीवर. डोळे सुजलेले. तिच्यामागे तिच्या स्वयंपाकघराची खिडकी होती आणि खिडकीत ऊन. खोली नव्हती, स्वयंपाकघर होतं. मी तेवढंच पाहिलं.

"सॉरी, सॉरी. फोन बंद पडला आणि मी मेल्यासारखी झोपले."

"असलं बोलू नकोस," बायको ओरडली. तिचा आवाज फाटला होता.

मग मुलगीच म्हणाली, "आई, देव काढ बाहेर. हरलो आम्ही."

"ते माझं मी बघते. काय जेवलीस?"

"आत्ता उठले ना."

"काल?"

तिने मागे वळून ओट्याकडे पाहिलं.

"तांदूळ आहे घरात?" बायको म्हणाली. "डाळ? मग टाक. मी थांबलेय. फोन समोर ठेव."

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. तिने फोन डब्याला टेकवून उभा केला आणि तांदूळ धुवायला घेतले. आम्हाला तिचे हात दिसत होते, नळ दिसत होता. तांदूळ धुता धुता ती म्हणाली, "बाबा, तुला माहीत होतं ना? जमणार नाही म्हणून?"

"होतं," मी म्हटलं. "त्या मोठ्या राज्यानंतर."

"मला त्याच्या आधीपासून. मोजायचं काम माझंच होतं."

"मग म्हणत का होतीस, जमतंय जमतंय?"

तिने नळ बंद केला. "आईने देव पाण्यात घातले होते ना. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं तिथे बसून? मला तुमचीच भीती वाटायची."

मी बायकोकडे पाहिलं. ती पडद्यावरचा कुकर बघत होती. "हिंग घाल," ती म्हणाली. "आणि पाणी कमी आहे."

कुकरच्या शिट्ट्या आम्ही तिघांनी मिळून ऐकल्या. मधेच मुलगी रडायला लागली, ओट्याला धरून, बराच वेळ. आम्ही तिला रडू दिलं. हात पोचत नव्हता. मग तिने डोळे पुसले, कुकर उघडला, थाळीत भात घेतला, वरण ओतलं. तूप नव्हतं, लोणी घातलं. फोनसमोर उभी राहूनच जेवायला लागली. रडत होती आणि जेवत होती. बायको प्रत्येक घासाकडे बघत होती, तो तोंडात जातो का, गिळला जातो का, हे मला स्पष्ट दिसत होतं. थाळी रिकामी झाल्यावर मुलीने ती कॅमेऱ्यासमोर वाकडी करून दाखवली. तळ पूर्ण दिसला.

"अजून घे," बायको म्हणाली.

तिने अजून घेतला.

तेव्हा बायको उठली. पातेल्यात हात घालून तिने अन्नपूर्णा बाहेर काढली, पदराने पुसली, पाठीवरून, पळीवरून, पुन्हा पुन्हा पुसली. वाटीत नवे तांदूळ घातले आणि तिला त्यावर बसवलं. फोनमधून मुलीचा भात खाण्याचा आवाज येत होता.

"गणपतीला ठेवायला हवं होतं," मी म्हटलं. "निवडणूक होती."

"कशाला?" ती म्हणाली. "माझं काम झालं की."